लोकप्रिय आणि लोकद्विष्ट मुष्टियोद्धे

चिखलदऱ्याच्या पठारावर उभें राहून खालीं पाहिलें म्हणजे गाविलगडच्या डोंगरांतली एक खोल दरी दृष्टीस पडते. अमरावती जिल्ह्यांतले लोक तिला कीचकदरा म्हणतात, आणि चिखलदरा हें नांवही त्यावरूनच पडलें असें सांगतात. विराटाचा सेनापति कीचक यानें सैरंध्रीवर डोळा ठेवला. भीमानें त्याला रात्रीच्या अंधारांत गांठून बाहुयुद्धांत ठार केलें आणि त्याचें प्रेत या दरींत फेकून दिलें, अशी ही स्थलकथा आहे. कथा सांगणाऱ्याचा आवाज भीमाचें नांव घेतांना चढतो आणि कीचकाचें नांव घेतांना उतरतो. वास्तविक दोघेही असामान्य बळाचे वीर होते, आणि कीचकाच्या पराक्रमाविषयीं महाभारतांतही शंका घेतलेली नाहीं. कीचक पडला तेव्हां त्याच्या भाऊबंदांनीं आकांत केलाच. म्हणजे जो सर्वांचा नावडता त्याच्यासाठींही रडणारे कोणी असतातच. मग एक शतकानुशतकें लाडका कां आणि दुसरा नावडता कां? दोघांच्या बळांत फारसें अंतर नव्हतें. अंतर होतें तें त्या बळाच्या उपयोगांत.

लोकांच्या प्रेमाचा आणि द्वेषाचा निवाडा नेहमींच इतका सरळ असता तर प्रश्नच नव्हता. वऱ्हाडांतल्या कोणत्याही गांवच्या आमदंगलींत याचा अनुभव येतो. दोन पैलवान मातींत उतरले म्हणजे डफड्याच्या ठेक्यावर प्रेक्षकांचे दोन तट पडतात. कोणी गांवचा म्हणून, कोणी जातीचा म्हणून, कोणी वस्तादाच्या लौकिकाखातर, तर कोणी केवळ अंगानें लहान दिसतो म्हणून आपला माणूस निवडतो. कुस्ती निकाली झाली कीं जिंकणाऱ्याला खांद्यावर घेतात. परंतु खांदा देणारे किती आणि पाठ फिरविणारे किती, हें कुस्तीच्या डावांपेक्षां पाहणाऱ्यांच्या मनांवर अधिक अवलंबून असतें. मुष्टियुद्धाच्या इतिहासांत हीच गोष्ट साऱ्या जगाच्या पटावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली आढळते, आणि म्हणूनच तो इतिहास कुस्तीवर वाढलेल्या प्रांतालाही परका वाटत नाहीं.

मुष्टियुद्ध हा शब्द जुना असला तरी आज ज्या खेळाला तें नांव आहे त्याचे नियम इंग्लंडांत १८६७ सालीं प्रसिद्ध झाले. क्वीन्सबरीच्या सरदाराचें नांव त्या नियमांना मिळालें. उघड्या मुठींऐवजीं हातांत भरीव मोजे, तीन मिनिटांची एक फेरी, दोन फेऱ्यांच्या मध्यें एक मिनिटाची विश्रांति, आणि खालीं पडलेल्या गड्याला उठण्यासाठीं दहा सेकंदांची मुदत, हे त्यांतले मुख्य नियम होत. कुस्तींत पाठ मातीला लागली कीं निकाल लागतो. येथें पंच मोठ्यानें अंक मोजतो, आणि दहा म्हणेपर्यंत जो उठला नाहीं तो हरला. वजनांप्रमाणें गट असले तरी लोकांचें लक्ष सर्वांत अधिक वेधतो तो जडवजनी गटाचा अजिंक्यवीर. कारण जगांतला सर्वांत बलाढ्य मनुष्य तोच, अशी भाबडी समजूत रूढ झाली. संघानें खेळावयाच्या खेळांत यश आणि अपयश दहाजणांत वाटून घेतां येतें. रिंगणांत मात्र मनुष्य एकटा असतो. दिव्यांच्या झोतांत उघड्या अंगानें उभा असलेला हा वीर म्हणजे लोकांना आपली आवडनिवड, भीति आणि अभिमान लिहून काढण्यास मिळालेला जणुं कोरा फळाच होय.

या फळ्यावर द्वेषाच्या रेघा सर्वांत खोल उमटल्या त्या जॅक जॉन्सनच्या नांवापुढें. अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत गॅल्व्हस्टन येथें १८७८ सालीं त्याचा जन्म झाला. त्याच्या आईबापांनीं गुलामगिरी भोगली होती. गोऱ्या अजिंक्यवीरानें कृष्णवर्णी माणसाशीं अजिंक्यपदाची लढत करावयाची नाहीं, असा त्या काळीं जडवजनी गटांत प्रघात होता. जॉन्सननें तत्कालीन अजिंक्यवीर टॉमी बर्न्स याचा पाठलाग करीत थेट ऑस्ट्रेलिया गांठली, आणि २६ डिसेंबर १९०८ रोजीं सिडनी येथें त्याला इतकें हतबल केलें कीं चौदाव्या फेरींत पोलिसांनींच सामना थांबविला. जगाचें जडवजनी अजिंक्यपद प्रथमच एका कृष्णवर्णी माणसाकडे गेलें, आणि अमेरिकेंतील गोऱ्या समाजाला तो आपला अपमान वाटला. जॉन्सनला हरवील असा कोणीतरी गोरा पुरुष शोधून काढा, अशी ओरड सुरू झाली. जिम जेफ्रीज हा माजी अजिंक्यवीर १९०५ सालींच निवृत्त होऊन शेतीवाडी पाहात होता. त्याला आग्रहानें परत आणण्यांत आलें. ४ जुलै १९१० रोजीं नेव्हाडांतील रेनो येथें सामना झाला आणि पंधराव्या फेरींत जेफ्रीज हरला. त्या रात्रीं अमेरिकेंतील अनेक शहरांत दंगे उसळले. केवळ आनंद व्यक्त केला म्हणून कृष्णवर्णी माणसांवर हल्ले झाले आणि कित्येकजण प्राणांस मुकले. पुढें १९१२ सालीं अशा सामन्यांचे चित्रपट एका प्रांतांतून दुसऱ्या प्रांतांत नेण्यास कायद्यानें बंदी झाली.

जॉन्सनचा स्वभाव नम्र नव्हता. लढतां लढतां तो हसे, प्रतिस्पर्ध्याशीं बोले, उंची कपडे घाली, भरधाव मोटारी हांकी आणि गोऱ्या स्त्रियांशीं उघडपणें संबंध ठेवी व विवाह करी. त्याच्या खाजगी वर्तनांत दोष नव्हते असेंही नाहीं. आपल्या पत्नीला तो मारहाण करी. परंतु त्याच्यावर खटला भरला गेला तो या दोषासाठीं नव्हे. स्त्रियांचा व्यापार थांबविण्यासाठीं केलेला एक कायदा त्याच्यावर लावण्यांत आला, आणि १९१३ सालीं केवळ गोऱ्या पंचांच्या मंडळानें त्याला दोषी ठरविलें. एक वर्ष आणि एक दिवस इतकी शिक्षा झाली. तो देश सोडून गेला; ५ एप्रिल १९१५ रोजीं हवाना येथें जेस विलर्डनें त्याला सव्विसाव्या फेरींत पाडलें; १९२० सालीं परत येऊन त्यानें शिक्षा भोगली; आणि १९४६ सालीं मोटारीच्या अपघातांत त्याचा अंत झाला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीं त्याला क्षमा केली ती २०१८ सालीं, म्हणजे मृत्यूनंतर बहात्तर वर्षांनीं. विलर्ड जिंकल्यावर जडवजनी अजिंक्यपदाचें दार कृष्णवर्णी खेळाडूंना बावीस वर्षें पुनः बंद राहिलें. हॅरी विल्स हा त्या काळचा नामांकित मल्ल आव्हान देत देत म्हातारा झाला. त्याला ती लढत कधीं मिळालीच नाहीं.

दार बंद ठेवणें म्हणजे काय, हें अमरावतीच्या माणसाला परदेशांतल्या उदाहरणांवरून शिकावयास नको. अंबादेवीचें मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुलें व्हावें म्हणून १९२७ सालीं याच शहरांत परिषद भरली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. दाराशीं उभ्या राहिलेल्या माणसाची भक्ति कमी होती म्हणून त्याला अडविलें जात नव्हतें. विल्सचें बळ कमी होतें म्हणूनही त्याला अडविलें गेलें नाहीं. दोन्हीकडे माणसाचा जन्म पाहिला गेला, गुण पाहिला गेला नाहीं. जॉन्सनवरील द्वेषाचें मूळ येथें आहे. तो उद्धट होता म्हणून लोक चिडले हें खरें. परंतु तसाच उद्धटपणा एखाद्या गोऱ्या वीरानें केला असता तर त्याला लोकांनीं रंगेलपणा म्हटलें असतें. जेफ्रीज हरला त्याच १९१० सालीं गामा पैलवान लंडनला गेला होता, आणि तेथें त्यानें झिबिस्कोसारख्या बलाढ्य मल्लाला जेरीस आणलें. हिंदुस्थानांत गामाचें नांव घरोघर गेलें तें केवळ त्याच्या डावपेंचांमुळें नव्हे. पारतंत्र्यांतल्या लोकांना त्याच्या छातींत आपली छाती दिसत होती. एकाच जातीची भावना एका ठिकाणीं द्वेष होऊन प्रकट होते आणि दुसऱ्या ठिकाणीं प्रेम होऊन.

लोकांची मर्जी किती चंचल असते याचें उदाहरण म्हणजे जॅक डेम्प्सी. १९१९ सालीं विलर्डला तुडवून त्यानें अजिंक्यपद मिळविलें. परंतु पहिल्या महायुद्धांत सैन्यांत गेला नाहीं म्हणून लोक त्याला युद्धचुकार म्हणूं लागले. न्यायालयानें १९२० सालीं त्याला निर्दोष ठरविलें, तरीही तो रिंगणांत आला म्हणजे प्रेक्षक हुर्यो उडवीत. १९२६ सालीं जीन टनी यानें फिलाडेल्फियांत त्याचा पराभव केला, आणि काय चमत्कार झाला! हरलेल्या डेम्प्सीवर लोकांचें प्रेम बसलें. पुढच्या वर्षीं शिकागो येथें दोघांची पुनः गांठ पडली. सातव्या फेरींत टनी खालीं पडला. परंतु डेम्प्सी नियमाप्रमाणें दूरच्या कोपऱ्यांत जाण्यास विलंब करीत राहिला, म्हणून पंचानें अंक मोजण्यास उशिरां सुरुवात केली. टनी उठला आणि शेवटीं जिंकला. लोक मात्र डेम्प्सीवरच अन्याय झाला असें म्हणत राहिले. टनी सभ्य होता, विद्याव्यासंगी होता. येल विद्यापीठांत त्यानें शेक्सपिअरवर व्याख्यानही दिलें. परंतु जिंकणाऱ्या पंडितापेक्षां रक्तबंबाळ होऊन हरणारा रांगडा गडी लोकांना आपला वाटला. यशानें मान मिळतो, माया पुष्कळदां अपयशानेंच मिळते.

जॉन्सननंतर दार पुनः उघडलें तें जो लुई याच्यासाठीं. अलाबामांतल्या एका गरीब शेतकरी घरांत १९१४ सालीं त्याचा जन्म झाला. त्याच्या कारभाऱ्यांनीं जॉन्सनचा इतिहास डोळ्यांपुढें ठेवून त्याला आचाराचे नियमच घालून दिले होते. पडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहून हसावयाचें नाहीं, गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढूं द्यावयाचें नाहीं, बोलावें थोडें आणि वागावें जपून. लुईनें ते पाळले आणि गोऱ्या समाजानेंही त्याला हळूहळू जवळ केलें. या प्रेमाला एक किंमत होती, ही गोष्ट विसरतां येत नाहीं. जॉन्सनला हसण्याबद्दल दंड झाला. लुईला न हसण्याबद्दल बक्षीस मिळालें. माणसानें आपला चेहरा दगडाचा केला तरच त्याला माणूस म्हणून वागवूं, असा तो व्यवहार होता.

लुई जन्मला त्याच १९१४ सालीं अमरावतीस वैद्य बंधूंनीं हनुमान आखाड्याची, म्हणजेच आजच्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची, स्थापना केली. या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहींएक संबंध नव्हता. परंतु १९३६ सालीं दोहोंच्या वाटा एका शहराच्या नांवापाशीं येऊन भिडल्या. १९ जून १९३६ रोजीं न्यूयॉर्क येथें जर्मनीच्या माक्स श्मेलिंगनें तोंवर अपराजित असलेल्या लुईला बाराव्या फेरींत चीत केलें. नाझी सरकारला ही पर्वणीच वाटली. हिंडेनबर्ग नांवाच्या विमाननौकेंतून श्मेलिंग मायदेशीं परतला, त्याचें राजेशाही स्वागत झालें, आणि त्याच्या ठोशांत आर्य वंशाचें श्रेष्ठत्व सिद्ध झालें असे ढोल बडविले गेले. पुढें ऑगस्ट महिन्यांत बर्लिनला ऑलिंपिक सामने भरले. त्या निमित्तानें अमरावतीच्या मंडळाचें पथक तेथें गेलें आणि हुतूतू, मल्लखांब इत्यादि देशी खेळ व व्यायाम त्यानें युरोपच्या लोकांना करून दाखविले. पारतंत्र्यांतल्या देशाच्या एका जिल्ह्याच्या गांवचीं माणसें आपल्या मातींतली विद्या घेऊन ज्या बर्लिनला गेलीं, तें त्या वेळीं एका मुष्टियोद्ध्याच्या विजयानें धुंद झालेलें बर्लिन होतें. बळाची विद्या एकच. एकानें ती शिकवावयास न्यावी आणि दुसऱ्यानें तिच्या जोरावर वंशाचा मद चढवून घ्यावा, हा फरक लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

१९३७ सालीं लुई अजिंक्यवीर झाला, आणि २२ जून १९३८ रोजीं न्यूयॉर्कच्या यांकी मैदानावर दोघांची दुसरी गांठ पडली. सुमारें सत्तर हजार प्रेक्षक मैदानांत होते आणि जगभर कोट्यवधि लोक रेडिओला कान लावून बसले होते. युद्धाचे ढग जमत होते. म्हणून ही दोन माणसांची लढत न राहतां दोन राष्ट्रांची लढत झाली. श्मेलिंग रिंगणाकडे येतांना प्रेक्षकांनीं त्याच्यावर वस्तु फेकल्या. पुढें जें झालें तें दोन मिनिटें आणि चार सेकंदांत संपलें. लुईनें त्याला तीन वेळां खालीं पाडलें. ज्या अमेरिकेंत कृष्णवर्णी माणसाला पुष्कळ ठिकाणीं गोऱ्यांच्या शेजारीं बसून जेवतां येत नव्हतें, त्या अमेरिकेचा तो त्या रात्रीं एकमुखानें लाडका वीर ठरला. त्यानें एकंदर पंचवीस वेळां आपलें पद राखलें. १९४२ सालीं दोन सामन्यांची कमाई त्यानें आरमार व सैन्य यांच्या सहायक निधींना देऊन टाकली. तरीही कराच्या थकबाकीनें त्याचें उतारवय पोखरून काढलें. टाळ्या वाजविणारे हात मदतीस येतातच असें नाहीं.

आणि ज्याच्यावर वस्तु फेकल्या गेल्या तो श्मेलिंग? तो नाझी पक्षाचा सभासद कधींच नव्हता. त्याचा अमेरिकेंतला कारभारी ज्यू होता, आणि सरकारचा दाब येऊनही त्यानें त्याला सोडलें नाहीं. १९३८ सालच्या नोव्हेंबरांत जर्मनींत ज्यू लोकांचीं घरेंदारें व दुकानें फोडण्यांत आलीं, तेव्हां आपल्या एका ज्यू स्नेह्याच्या दोन मुलांना त्यानें बर्लिनमधील आपल्या बिऱ्हाडीं लपवून ठेवलें. ही गोष्ट त्यानें कित्येक वर्षें कोणाला सांगितली नाहीं. वांचलेल्या मुलांपैकीं एकानेंच ती पुढें जगाला कळविली. युद्धानंतर तो लुईला शोधीत गेला, दोघांची मैत्री जमली, आणि विपन्नावस्थेंत त्यानें लुईला पैशाचीही मदत केली. लुई १९८१ सालीं वारला. श्मेलिंग नव्याण्णव वर्षांचा होऊन २००५ सालीं. १९३८ सालीं ज्याला लोकांनीं दुष्टतेचा पुतळा मानलें तो मनानें इतका वाईट नव्हता. पुतळा दुसऱ्यांनीं घडविला होता, आणि तो फुटावयास आयुष्य जावें लागलें.

१९६० च्या पुढचा काळ आला तो मुहंमद अलीचा. त्याच्या आधींचा अजिंक्यवीर सनी लिस्टन तुरुंग भोगून आलेला, गुंडांच्या संगतींत वावरलेला आणि अबोल. १९६२ सालीं अजिंक्यपद मिळवून तो फिलाडेल्फियाला उतरला, तेव्हां स्वागतासाठीं गर्दी जमेल या अपेक्षेनें त्यानें भाषण जुळवून ठेवलें होतें. विमानतळावर लोक आलेच नव्हते. २५ फेब्रुवारी १९६४ रोजीं कॅशस क्ले नांवाच्या बावीस वर्षांच्या वाचाळ तरुणानें त्याला हरविलें. दुसऱ्याच दिवशीं या तरुणानें आपण मुस्लिम झाल्याचें सांगितलें आणि पुढें मुहंमद अली हें नांव घेतलें. लोकांना आतां लिस्टनहूनही अधिक नावडता असा वीर मिळाला. २८ एप्रिल १९६७ रोजीं व्हिएतनामच्या युद्धासाठीं सैन्यांत भरती होण्याचें त्यानें नाकारलें. त्याचें अजिंक्यपद काढून घेतलें, पांच वर्षांची शिक्षा व दहा हजार डॉलर दंड ठोठावला, आणि अपील चालूं असतां ऐन उमेदींतलीं साडेतीन वर्षें त्याला रिंगणाबाहेर ठेवलें. १९७१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती शिक्षा रद्द केली. त्या युद्धाविषयीं लोकांचें मत जसजसें बदलत गेलें तसतसा अलीही त्यांना आवडूं लागला. त्यानें आपलें म्हणणें बदललें नव्हतें. बदलले होते ते ऐकणारे. ३० ऑक्टोबर १९७४ रोजीं किन्शासा येथें जॉर्ज फोरमनला आठव्या फेरींत पाडून त्यानें पद परत मिळविलें, तेव्हां आफ्रिकेंतले लोक त्याच्या नांवाचा घोष करीत होते. १९८० च्या जानेवारींत तो हिंदुस्थानांत आला आणि दिल्लीला आपल्या कौरसिंगाबरोबर प्रदर्शनाची लढत खेळला. १९९६ सालीं अटलांटा येथें कंपवातानें थरथरणाऱ्या हातानें त्यानें ऑलिंपिकची ज्योत पेटविली, तेव्हां एके काळीं ज्यांनीं त्याला शिव्या दिल्या होत्या त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलें.

परंतु लोकप्रियतेच्या उजेडांत अलीचा एक दोष झांकून जाऊं नये. जो फ्रेझियर हा त्याचा मोठा प्रतिस्पर्धी. अली बंदींत असतां फ्रेझियरनें त्याला पैशाची मदत केली, त्याला परवाना मिळावा म्हणून शब्दही टाकला. उलट अलीनें सामन्याची हवा तापविण्यासाठीं त्याला गोऱ्यांचा गुलाम म्हटलें, माकड म्हटलें. गरीब मजुराचा मुलगा असलेला फ्रेझियर या शब्दांनीं आयुष्यभर जळत राहिला. लाडक्या वीराच्या गोड जिभेनें दुसरा एक सज्जन विनाकारण नावडता झाला. फोरमनची कथा याच्या उलट. १९७४ सालीं तो चेहऱ्यानें उग्र, बोलण्यांत तुसडा आणि किन्शासाच्या लोकांना नकोसा होता. पुढें तो धर्मोपदेशक झाला, हंसूं बोलूं लागला, आणि १९९४ सालीं वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं पुनः अजिंक्यवीर होऊन साऱ्यांचा आवडता आजोबा बनला. २०२५ सालीं तो वारला तेव्हां किन्शासाचा तो तुसडा गडी कोणाच्या ध्यानांतही नव्हता.

शेवटचें उदाहरण माईक टायसनचें. १९८६ सालीं वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षीं तो जडवजनी अजिंक्यवीर झाला. त्याच्या झपाट्यानें लोक थक्क झाले. १९९० सालीं टोकियोंत बस्टर डग्लसनें त्याला पाडलें. १९९२ सालीं बलात्काराच्या गुन्ह्याखालीं तो दोषी ठरला आणि तीन वर्षें तुरुंगांत राहिला. आणि २८ जून १९९७ रोजीं त्यानें इव्हँडर होलीफील्डच्या कानाचा लचका भर रिंगणांत दातांनीं तोडला. येथें लोकांच्या तिरस्काराला वर्णाचा किंवा राष्ट्राचा आधार शोधण्याची गरज नाहीं. एका स्त्रीवर अत्याचार झाला होता, आणि खेळाचा नियम पायदळीं तुडविला गेला होता. कीचकदऱ्याच्या कथेंत जो निवाडा आहे तोच येथें लागू पडतो. तरीही टायसनच्या नांवावर टाळ्या वाजविणारे पुढेंही मिळालेच. बळाची मोहिनी अशी आहे कीं ती पीडितेचें नांव विसरावयास लावते.

या साऱ्या चरित्रांवरून दिसतें तें असें कीं लोकांच्या द्वेषाचीं तीन मुळें आहेत. माणूस जन्मानें कोण आहे म्हणून केलेला द्वेष हें पहिलें. जॉन्सन आणि विल्स त्याचे बळी. माणूस बोलतो चालतो कसा म्हणून केलेला द्वेष हें दुसरें. लिस्टन, टनी, तरुण अली आणि तरुण फोरमन यांच्या वांट्याला तो आला, आणि काळानें त्यांतला पुष्कळसा धुऊन काढला. माणसानें केलें काय, हें पाहून आलेला तिरस्कार हें तिसरें. एवढाच काय तो न्याय्य. तीनही एकाच आरोळींत मिसळून जातात, हीच अडचण आहे. जॉन्सनचे खरे दोष कोणीं मोजले नाहींत, कारण त्याच्या वर्णावरच साऱ्यांचे डोळे खिळले होते. अलीनें फ्रेझियरवर केलेला अन्याय कोणीं मोजला नाहीं, कारण त्याच्या तेजानें डोळे दिपले होते. द्वेष जसा आंधळा तसें प्रेमही आंधळें, आणि दोन्हींत खरा हिशेब राहून जातो.

वऱ्हाडाला हा हिशेब आज अधिकच जवळचा आहे. अमरावतीचें हनुमान मंडळ शंभर वर्षें ओलांडूनही चालूं आहे. अकोल्याला क्रीडा प्रबोधिनींत मुलांना मुष्टियुद्धाचें शिक्षण मिळतें. वऱ्हाडाच्या पलीकडे नागपूरच्या अल्फिया पठाण या मुलीनें २०२१ सालीं पोलंडमध्यें युवकांच्या जागतिक स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें. हीं मुलें रिंगणांत उतरतील तेव्हां त्यांच्या भोंवतालीं गर्दी जमेल, आणि गर्दी आपल्या संवयीप्रमाणें तट पाडील. कोणाचें आडनांव, कोणाचा धर्म, कोणाची जात, कोणाचें मुलगी असणें, हें पाहून टाळी किंवा हुर्यो ठरूं लागली, तर रेनोची ती रात्र फार दूर नाहीं असें समजावें. ठोसा बरोबर बसला कीं नाहीं, नियम पाळला कीं नाहीं, पडलेल्याला हात दिला कीं नाहीं, आणि रिंगणाबाहेर दुर्बळाशीं वागणूक कशी ठेवली, एवढेंच पाहून जी टाळी वाजेल तीच खरी. वस्ताद शिष्याला डाव शिकवितो; पाहावें कसें हें गर्दीला शिकविणारा वस्ताद मात्र कोणत्याच आखाड्यांत मिळत नाहीं. तें ज्याचें त्यानेंच शिकावयाचें असतें.